आसरा कुणाचा, धंदा कुणाचा

उत्तर युगांडातल्या गुलू शहरात सेंट मोनिका नावाचं मुलींचं शिवणकाम केंद्र आहे. धर्मभगिनींचा एक संघ ते चालवतो. युद्धात पळवून नेलेल्या आणि कडेवर मूल घेऊन परतलेल्या मुलींना या केंद्राने ठेवून घेतलं, शिवण आणि स्वयंपाक शिकवला. पुढे शीतपेयांच्या डब्यांवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या दोऱ्याने विणून त्या मुली पर्स करू लागल्या आणि त्या पर्स अमेरिकेत विकल्या जाऊ लागल्या. केंद्राच्या प्रमुख सिस्टर रोझमेरी न्यिरुम्बे यांना सीएनएनने २००७ साली गौरवलं. २०१४ साली 'टाइम'ने जगातल्या शंभर प्रभावी व्यक्तींच्या यादीत त्यांचं नाव घातलं.

आफ्रिकेत मिशनरी संस्थांनी बायकांसाठी उभी केलेली अशी केंद्रं ठिकठिकाणी आहेत. त्यांच्याबद्दल दोन मतं ऐकू येतात आणि दोन्हीकडची माणसं प्रामाणिक असतात. ती मतं मी इथे दोन बायकांच्या तोंडी घातली आहेत. मावशी वसईची, चर्चच्या आवारात वर्षानुवर्षं शिवणक्लास घेतलेली. भाची कंपालात राहून मदत-प्रकल्पांचे हिशेब तपासणारी. दोघी माझ्या कल्पनेतल्या; त्या ज्यांच्याबद्दल बोलतात ती माणसं, गावं आणि वर्षं खरी आहेत.

भाची : मावशी, पर्स देखणी आहे, वाद नाही. माझा आक्षेप अशा वस्तूंबरोबर येणाऱ्या चिठ्ठीला आहे. ही करणारी मुलगी अमुक वर्षांची असताना पळवली गेली, तिच्यावर असे असे अत्याचार झाले. गिऱ्हाईक वाचतं, हळहळतं आणि पाकीट काढतं. मग विकलं काय गेलं? पर्स, की तिचं दुःख?

मावशी : चिठ्ठी नको, हे मला मान्य आहे. बाईवर काय गुदरलं ते सांगायचं की नाही, हे तिने ठरवावं. पण तू दुकानापासून सुरुवात केलीस, मी दारापासून करते. त्या मुली केंद्राच्या दारात आल्या तेव्हा काय परिस्थिती होती?

भाची : ते मला माहीत आहे गं. जोसेफ कोनीची लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी, १९८७ पासून जवळजवळ वीस वर्षांची धुमश्चक्री.

मावशी : माहीत असतं, पण हिशेब मांडताना ते बाजूला राहतं. वीस हजारांहून जास्त मुलं पळवली गेली. मुलग्यांच्या हाती बंदुका दिल्या, मुली कमांडरांना बायका म्हणून वाटल्या. खेड्यातली मुलं संध्याकाळ झाली की चालत गुलू गाठायची आणि दुकानांच्या ओट्यांवर, बसस्टँडवर झोपायची, कारण घरी झोपलं तर रात्री उचलून नेतील. ऑक्टोबर १९९६ मध्ये अबोके गावातल्या मुलींच्या शाळेच्या वसतिगृहातून एका रात्रीत १३९ मुली नेल्या. शाळेच्या उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले फासेरा, इटलीहून आलेल्या कोम्बोनी धर्मभगिनी, एका शिक्षकाला बरोबर घेऊन त्यांच्या मागावर जंगलात गेल्या. बंडखोरांना गाठलं, गयावया केली, आणि १०९ मुली परत आणल्या. तीस बंडखोरांनी ठेवून घेतल्या. त्यांतल्या काही तिथेच मेल्या, बाकीच्या कित्येक वर्षांनी सुटल्या.

भाची : त्या बाईंच्या धैर्यापुढे मी काय बोलणार?

मावशी : मग पुढचं ऐक. ज्या सुटून आल्या त्यांना घरी कोण घेणार? पदरी मूल, आणि मुलाचा बाप बंडखोर. गावाला वाटायचं, हिच्या नवऱ्याने आमची माणसं मारली. शाळेत जावं तर वय उलटलेलं आणि अक्षरओळख पुसलेली. सिस्टर रोझमेरी मुळात सुईणीचं शिक्षण घेतलेल्या. २००० सालानंतर लवकरच त्या सेंट मोनिकाच्या प्रमुख झाल्या. वर्गातल्या काही मुलींना काहीच जमत नाहीये, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग कळलं की त्या जंगलातून आलेल्या आहेत. त्यांनी रेडिओवरून सांगितलं, शिक्षण नसलं तरी या, मूल असलं तरी घेऊन या. आवारातच बालवाडी काढली, आया शिकत असताना पोरं तिथे राहायची. चिठ्ठी, पर्स, अमेरिकेतली गिऱ्हाइकं हे सगळं नंतरचं. आधी दार उघडलं गेलं.

भाची : दार उघडलं, उत्तम केलं. पण आत काय शिकवलं? शिवणकाम! दीडशे वर्षं मिशनरी आफ्रिकेतल्या मुलींना हेच शिकवत आले. मुलग्यांना इंग्रजी, गणित, कारकुनी. मुलींना सुई-दोरा. वसाहतींच्या सरकारांनी तेच उचललं. केनियात १९५२ साली सरकारी आश्रयाने सुरू झालेल्या 'माएंदेलेओ या वानावाके'च्या महिला मंडळांत शिवण, स्वयंपाक, घर टापटीप ठेवणं हेच शिकवत. बाईला पगाराच्या नोकरीपासून दूर आणि घराशी बांधून ठेवायची ही रीत. त्यावर आता 'सबलीकरण' अशी नवी पाटी लावली एवढंच.

मावशी : इतिहास म्हणून तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण शिवणवर्गात प्रत्यक्ष काय घडतं ते मी पाहिलंय. पायमशीनवर सुरुवातीला दोरा नसतोच. वहीच्या रेघी कागदावर नुसती सुई चालवायची. पाय आणि हात यांचा मेळ बसत नाही, चाक उलटं फिरतं, कागद फाटतो. होता होता एक दिवस सगळी भोकं सरळ रेघेवर पडतात. ते तिचं तिला दिसतं, शाबासकी द्यायला कुणी लागत नाही. शिवण बिघडली तर उसवायची आणि पुन्हा टीप घालायची. वर्षानुवर्षं जिच्या शरीरावर, झोपेवर, जेवणावर दुसऱ्याची सत्ता होती, तिला आपल्या हातून एखादी गोष्ट ठरवल्याप्रमाणे होते याचा अनुभव किती मोठा असेल! तो इंग्रजी-गणितातूनही मिळाला असता, हे खरं. पण पाढे विसरलेल्या एकोणीस वर्षांच्या आईला तो सुईतून लवकर मिळतो.

भाची : वर्गात मिळतो, बाजारात काय मिळतं? कोर्स संपला, हातात प्रमाणपत्र आलं, एखाद्या दात्याने मशीन दिलं. मुलगी गावी जाऊन ओट्यावर मशीन मांडते. समोरच्या बाजारात युरोप-अमेरिकेतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग लागलेले असतात. मिवुम्बा म्हणतात त्याला. कंपालाच्या ओविनो बाजारात गठ्ठे फुटतात आणि तिथून गावोगाव जातात. नवा शर्ट शिवायला कापड, दोरा, बटणं आणि मजुरी धरून जेवढे पैसे पडतात, त्याहून कितीतरी कमी पैशात तयार शर्ट मिळतो. ज्या देशांतून मशीनसाठी देणग्या येतात, त्याच देशांतून हे गठ्ठेही येतात, मावशी. एका हाताने धंदा शिकवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याचं गिऱ्हाईक पळवायचं. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी २०१६ साली ठरवलं होतं की जुन्या कपड्यांची आयात टप्प्याटप्प्याने थांबवायची. अमेरिकेने व्यापारी सवलती काढून घेण्याचा इशारा दिला आणि युगांडासकट बहुतेकांनी माघार घेतली. रवांडा अडून राहिला, तर २०१८ साली त्याच्या कपड्यांची करमाफी थांबवली. एवढ्या मोठ्या यंत्रणेपुढे सिस्टरांचं एक पायमशीन काय करणार?

मावशी : शर्टाच्या बाबतीत काहीच नाही करणार. म्हणून शर्ट शिकवूच नये! शाळेचा गणवेश शिकवावा, कारण प्रत्येक शाळेचा रंग वेगळा आणि तो गठ्ठ्यात येत नाही. अल्टरेशन शिकवावं, कारण मिवुम्ब्यातला अमेरिकन माणसाचा कोट गुलूतल्या माणसाला जसाच्या तसा बसत नाही. आणि गोमेसी शिकवावी.

भाची : गोमेसी तर माझ्या बाजूचा पुरावा आहे! गायाझाच्या शाळेची गोष्ट मिशनवाल्यांचीच ना?

मावशी : सांग बरं, इथल्या वाचणाऱ्यांना ती ठाऊक नसेल.

भाची : कंपालाजवळ गायाझा इथे चर्च मिशनरी सोसायटीने १९०५ साली मुलींसाठी निवासी शाळा काढली. बुगांडातल्या बायका तेव्हा झाडाच्या सालीचं कापड अंगाभोवती गुंडाळत. शाळेतल्या मिशनरी बाईंना मुली अंगभर झाकलेल्या हव्या होत्या. गोव्याहून युगांडात येऊन स्थायिक झालेले कायतान मिलाग्रीस गोम्स नावाचे शिंपी होते, त्यांच्याकडून त्यांनी पोशाख बेतून घेतला. घोळदार, पायघोळ, चौकोनी गळा, डाव्या बाजूला दोन बटणं, टोकदार उभे खांदे आणि कमरेला रुंद पट्टा. गोम्स यांच्या नावावरून तो गोमेसी झाला. म्हणजे बाईने काय नेसावं हे बाहेरून आलेल्या बाईने ठरवलं, आणि शिवलं आपल्या गोव्याच्या माणसाने. बाई त्या निर्णयात कुठे होती?

मावशी : सुरुवातीला नव्हती, कबूल. पण पुढे काय झालं? शाळेच्या भिंतीबाहेर पडून तो पोशाख युगांडाभर पसरला. लग्न ठरताना मुलीच्या घरी क्वांजुलाचा समारंभ होतो, तिथे बायका गोमेसीतच दिसतात. उत्तरेकडच्या बायकाही समारंभाला ती घालतात. रेशमी, काठाची, चमचमत्या पट्ट्याची, किती तऱ्हा! आज कुणी तिला मिशनऱ्यांचा पोशाख म्हणत नाही. आणि धंद्याच्या दृष्टीने बघ : एका गोमेसीला सहाएक मीटर कापड लागतं, खांद्याची ती चोच उभी राहायला हात बसलेला असावा लागतो, आणि माप प्रत्येकीचं वेगळं. शिकागोतल्या कुणा बाईच्या कपाटातून ती गठ्ठ्यात येणार नाही. जी बाई गोमेसी नीट बेतते तिच्याकडे लग्नसराईत गिऱ्हाईक येतं आणि ते गिऱ्हाईक तिच्याच गावचं असतं. देणाऱ्याने एका हेतूने दिलं आणि घेणारीने त्याचं आपल्याला हवं ते केलं. हे घडायला वाव राहिला की नाही, हे मी बघते.

भाची : मग तूच सांग, पर्समध्ये तो वाव आहे का? कडी केवढी असते? नखाएवढी, तिला दोन भोकं. एकीवर एक चढवून खवल्यांसारख्या रांगा लावायच्या आणि भोकांतून क्रोशाची सुई घालून दोऱ्याने बांधायच्या. एका पर्सला शेकड्यांनी कड्या. हात कमालीचे कुशल लागतात, पण ते कौशल्य गुलूच्या बाजारात विकत कोण घेणार? गिऱ्हाईक सगळं समुद्रापार. तिथली फॅशन बदलली, विकणारी संस्था थकली, सिस्टर म्हाताऱ्या झाल्या, की धागा तुटला. शिवाय अशा केंद्रांत मला एक गोष्ट वारंवार दिसते. विक्रीचा पैसा संस्थेच्या खात्यात जमा होतो, त्यातून वसतिगृह चालतं, धान्य येतं, छप्पर दुरुस्त होतं, आणि कारागिरीणीला मिळतो भत्ता. म्हणजे तिच्यावर केलेल्या दयेचा खर्च तिच्याच मजुरीतून वसूल! हिशेब मागितला तर उत्तर येतं, आम्ही यांना घर दिलं, जेवण दिलं. कुणाची नियत वाईट नसते. पण घर आणि जेवण मजुरीत कापून घेतलं की ते दान उरत नाही.

मावशी : हा मुद्दा बोचरा आहे आणि खराही. धर्मसंस्थांच्या माणसांना पैशाचं बोलणं हलकं वाटतं. त्यामुळे मजुरीचा दर लिहिलेला नसतो, नफा काढलेला नसतो आणि कारागीर बाई विचारायला संकोचते. आमच्या क्लासमध्येही ऑर्डरीचे पैसे कुणाला किती, हे नीट लिहून ठेवायला लावावं लागलं.

भाची : मग मिशनने आसरा द्यावा आणि धंद्यात पडूच नये, असं का नाही म्हणत?

मावशी : कारण पडून नीट बाहेर निघालेली माणसंही आहेत. स्वीडनचे पेडर आणि उल्ला गोवेनियस हे तरुण जोडपं. दक्षिण आफ्रिकेत झुलूलँडमधल्या सेझाच्या मिशन हॉस्पिटलात क्षयाचे रुग्ण महिनोन्महिने पडून असत. त्यांच्याकडून हातकाम करून घेणाऱ्या बायका तयार करायच्या, म्हणून १९६२ च्या सुमारास यांनी वर्ग सुरू केला. पुढच्या वर्षी तो रॉर्क्स ड्रिफ्टला लुथरन चर्चच्या आवारात हलवला. तिथे बायका मागावर मोठमोठे भित्तिपट विणू लागल्या. कागदावर चित्र काढून त्याची नक्कल करायची नाही, गोष्ट मनात धरायची आणि थेट मागावर उतरवायची. एका विणकरणीच्या डोक्यातली कथा दुसरी कोण पळवणार? वर्णभेदाच्या राज्यात काळ्या माणसाला कलाशिक्षण मिळण्याच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या, त्यांतली ही एक.

भाची : रॉर्क्स ड्रिफ्टची नावं मलाही पाठ आहेत. अझारिया म्बाथा, जॉन मुआफांगेजो, डॅन राक्गोआथे. सगळे पुरुष! चित्रकलेच्या वर्गात बहुतेक पुरुष, मागावर बायका. छापचित्रांखाली सही आली, भित्तिपटांखाली बहुधा केंद्राचं नाव. जागा मिशनची, तरी उतरंड तीच.

मावशी : म्हणून अलिना न्देबेलेचं नाव आपण घ्यायचं. ती सुरुवातीला गोवेनियस दांपत्याची दुभाषी होती. मग विणायला शिकली, इतरांना शिकवू लागली, आणि शेवटी केंद्र सोडून गावी तिने स्वतःची विणकामशाळा काढली. आजीकडून ऐकलेल्या झुलू कथा ती मागावर उतरवायची. आणि ते जोडपंही थांबलं नाही. दक्षिण आफ्रिका सोडावी लागल्यावर १९७३ साली त्यांनी बोत्स्वानात गाबोरोनीजवळच्या ओडी गावात विणकरांचा उद्योग उभारला. तिथे पहिल्यापासून धोरण असं की विणणाराच मालक. विणकरांनी हिशेब शिकायचे, सभा घ्यायच्या, किमती ठरवायच्या, आणि बाहेरच्यांनी निघून जायचं. हॉस्पिटलच्या खाटेपासून सुरू झालेलं काम दहा-अकरा वर्षांत मालकीपर्यंत आलं. मिशनच्या आवारात ते शिकले की उपकाराची रचना कुठे कमी पडते, आणि पुढची पायरी बांधली.

भाची : ओडीचं उदाहरण मला पटतं. पण मला सांग, धर्माचं काय? आपल्याकडे हा विषय निघाला की पहिला प्रश्न तोच येतो. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, तर पुण्यात याच प्रश्नावरून गदारोळ झाला. उपाशी बाईच्या हातात भाकरीबरोबर बायबल दिलं, तर तिने ते मनापासून घेतलं असं कसं म्हणायचं?

मावशी : मी श्रद्धाळू बाई आहे, आणि तरी सांगते : भाकरीला अट लावली की ती भाकरी राहत नाही. जिथे अट असेल तिथे तुझ्या बाजूने मी उभी राहीन. पण गुलूचा प्रश्न तो नव्हता. गुलू ज्यात येतं त्या अचोली प्रदेशात कॅथलिक मिशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. मुली ख्रिस्ती, गाव ख्रिस्ती, आणि जोसेफ कोनी तर दहा आज्ञांचं राज्य आणतो म्हणून बंदूक घेऊन निघालेला! एकाच धर्मग्रंथाचं नाव घेऊन एकाने मुली पळवल्या आणि दुसरीने दार उघडलं. शिवाय दार उघडणारी सिस्टर युरोपातून आलेली नाही. रोझमेरी युगांडाच्या पश्चिम नाईल भागातल्या. त्यांचा संघही १९५४ साली जुबात, म्हणजे आजच्या दक्षिण सुदानात, आफ्रिकी मुलींसाठीच स्थापन झालेला. 'मिशनरी' म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते आता जुनं झालं.

भाची : ते मान्य. कांगोतल्या दुंगूच्या सिस्टर अँजेलिक नामायकाही तिथल्याच. कोनीच्याच टोळ्यांनी उठवलेल्या बायकांकडे त्या खडबडीत मातीच्या रस्त्यांवरून सायकलने जायच्या. २०१३ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेचं नान्सेन पारितोषिक मिळालं, तोवर दोन हजारांहून जास्त बायका-मुलींना त्यांची मदत पोचली होती. त्यांचं मला आवडतं ते वेगळ्याच कारणासाठी. त्या शिवणाबरोबर लिंगाला भाषेत लिहा-वाचायला शिकवतात आणि पाव भाजायला शिकवतात. पाव दुंगूतच खपतो. आज भाजला, आज विकला, आज पैसे हातात. न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाला तो आवडतो की नाही, याची फिकीर नाही.

मावशी : आणि लिहा-वाचायला आलं की हिशेबाची वही तिला वाचता येते. तुझ्या भत्त्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

भाची : निम्मं. उरलेलं निम्मं मी सांगते. आपण दोघी एका गोष्टीवरून भांडत होतो असं वाटतं, पण गोष्टी दोन आहेत. आसरा ही एक, धंदा ही दुसरी. जंगलातून आलेल्या मुलीला ठेवून घेणं, तिच्या मुलाला सांभाळणं, तिला रात्री झोप लागेल अशी जागा देणं, याला मी कमाईचा हिशेब लावत होते. किती जणींनी दुकान काढलं, महिन्याला किती मिळवलं. ही फूटपट्टी आसऱ्याला लागू नाही. एकही पर्स विकली गेली नसती, तरी त्या दाराचं मोल तेवढंच राहिलं असतं.

मावशी : आणि माझ्या बाजूची माणसं धंद्याला दयेची फूटपट्टी लावतात. पर्स वाकडी झाली तरी चालते, बिचारीने केली आहे. दर लिहिलेला नाही तरी चालतं, आपण चांगल्या हेतूने करतोय. चालत नाही! पर्स चोख हवी, दर भिंतीवर हवा, जमाखर्चाची वही तिच्या हातात हवी आणि नाही म्हणायची मोकळीक हवी. काम सोडलं म्हणून तिचं अंथरूण हलता कामा नये, आणि अंथरूण दिलं म्हणून तिने कमी मजुरीत काम करता कामा नये.

भाची : म्हणजे एकाच आवारात दोन्ही असली तरी वह्या दोन.

मावशी : वह्या दोन, आणि शक्य असेल तिथे माणसंही दोन. सांभाळणारीने मालकीण होऊ नये. प्रेमाने सांभाळणाऱ्या माणसाशी पगारावरून भांडणं बाईला फार जड जातं.

भाची : मग उद्या तुझ्या पॅरिशमध्ये कुणी विचारलं की अशा केंद्राला पैसे द्यावे का, तर काय सांगशील?

मावशी : द्यावे, आणि देण्याआधी विचारावं. मूल घेऊन आलेल्या मुलीला ठेवून घेता का? प्रार्थनेला न येणारीला जेवण मिळतं का? जे शिकवता ते तिच्या गावात विकलं जातं का? मजुरी कोण ठरवतं, आणि वही कुणाला वाचता येते? इथून निघून स्वतःचं काढलेल्या बायका कोण, त्यांची नावं सांगा. जी संस्था खरंच काम करते तिला या प्रश्नांचा राग येत नाही.

भाची : आणि मी माझ्या अहवालात लिहीन : आसऱ्याचा खर्च देणाऱ्यांनी सोसावा, परतफेडीची अपेक्षा न ठेवता. धंद्याचा नफा मात्र करणारीने घ्यावा, कुणाचे आभार न मानता. जिथे याच्या उलट चाललं असेल तिथे पैसे पाठवणं थांबवावं, मग दारावर क्रूस असो, सरकारी पाटी असो, नाहीतर आमच्यासारख्या तज्ज्ञांचं बोधचिन्ह असो.